संगीताचा तास गणिताच्या सरांनी घेतला

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असतो, याला लेखी पुरावा आहे. फळ्याशेजारी चिकटवलेल्या तक्त्यात, शुक्रवारच्या रकान्यात, मधल्या सुट्टीनंतर ‘संगीत’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं. तो तास होताना पाहिलेला साक्षीदार मात्र सापडत नाही. आमच्या घरात नववीतले एक चिरंजीव आणि त्याच शाळेत दहावीला असलेली भाची असे दोन खबरे आहेत. एरवी दोघांचं कशावरही एकमत नसतं, पण या बाबतीत जबानी एकच: संगीताचा तास गणिताच्या सरांनी घेतला. कारण पोर्शन मागे राहिलाय. गणिताचा पोर्शन शाळा उघडते त्याच दिवशी मागे राहिलेला असतो. पी. टी.चा तास सायन्सच्या बाईंकडे कायमचा गहाण आहे, कार्यानुभवाच्या तासाला इंग्रजीचे निबंध उतरवून घेतात, आणि चित्रकला वाचते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे. ज्याची परीक्षा नाही त्याला वर्गात बसायला जागा नाही.

संगीताच्या बाईंची याबद्दल तक्रार नाही. त्यांना वेळ कुठे आहे? शाळेत त्यांची खरी नेमणूक स्वागतगीतासाठी झालेली असते. शिक्षणाधिकारी आले, स्वागतगीत. संगणक कक्षाचं उद्घाटन, स्वागतगीत. संस्थेचे कार्याध्यक्ष नुसते चहाला आले तरी सात मुली नऊवारीत तयार. या गीतात पाहुण्यांच्या नावासाठी जागा सोडलेली असते आणि ती साधारण तीन-चार अक्षरांची असते. मध्यंतरी एक पाहुणे आले, त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून चौदा अक्षरं झाली. बाईंनी ती केरव्याच्या आठ मात्रांत बसवली. तबल्यावरचा मुलगा अजून त्यातून सावरलेला नाही.

संगीताचं कपाट प्रयोगशाळेच्या बाहेर, जिन्याखाली असतं. किल्ली शिपाईमामांकडे. आत एक पेटी, तबला-डग्गा, दोन खंजिऱ्या, टाळांचे सात जोड (आठव्याचा एक टाळ घंटेच्या बदली वापरतात) आणि मागच्या कुठल्या तरी मुख्याध्यापकांच्या काळात भेट आलेला, तारा नसलेला तानपुरा. पेटीची काळी दोन दाबली की वर येत नाही, त्यामुळे शाळेतली सगळी गाणी काळी दोनच्या साक्षीनं होतात. मुलांनी पेटीला हात लावायचा नाही. ती पवित्र आहे.

या पावित्र्याची गंमत अशी की हीच पेटी एकेकाळी वर्गाबाहेर उभी होती. तिच्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही आणि ती परदेशातून आलेली आहे, अशा आरोपांवरून आकाशवाणीनं १९४० साली तिला बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षं टिकली. १९७१ साली ती सैल होऊ लागली. म्हणजे आज जिच्यामुळे मुलांवर संस्कार होतील असं आपण म्हणतो, तिच्यावरच वाईट संगतीचा शिक्का होता. पन्नासच्या दशकात नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांनाही तसाच हात दाखवला. हे संपूर्ण देशाचे मुख्याध्यापक. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी त्यांनी जवळपास हद्दपार केली. देशातल्या श्रोत्यांनी काय केलं? नववीतला मुलगा करतो तेच. मान डोलावली आणि खिडकीतून पलीकडे उडी मारली. पलीकडे श्रीलंका होती. रेडिओ सिलोनवर अमीन सायानी ‘बिनाका गीतमाला’ घेऊन बसलेलेच होते. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारनं विविध भारती सुरू केली आणि पळून गेलेली मुलं जेवायच्या वेळेला घरी आली. आज जे आजोबा ‘काय ती हल्लीची गाणी’ म्हणतात, त्यांची गाण्याची हौस मुळात अशी चोरून पोसलेली आहे. ते सांगत नाहीत, एवढंच.

त्याच १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. इथून शालेय संगीताचा खरा इतिहास सुरू होतो.

फिल्मी गाणी शाळेत म्हणायची नाहीत, हा आमच्या शाळेचा अलिखित आणि बाईंचा लिखित नियम आहे. आणि रोज सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली की हजारभर मुलं डोळे मिटून, हात जोडून फिल्मी गाणं म्हणतात. सोमवारी-मंगळवारी ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’. हे ‘दो आँखें बारह हाथ’मधलं. पटकथा गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं ते सहा जण खुनाची शिक्षा भोगणारे कैदी. जेलरसाहेब त्यांना माळरानावर शेती करायला नेतात, कल्पना औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून आलेली. बुधवार-गुरुवारी ‘हमको मन की शक्ति देना’. हे ‘गुड्डी’तलं, १९७१, संगीत पुन्हा वसंत देसाईच. ‘गुड्डी’ची गोष्ट काय, तर शाळेतली एक मुलगी अभ्यास सोडून धर्मेंद्रच्या मागे वेडी झालेली असते. म्हणजे ज्या आजारावर शाळा औषध म्हणून हे गाणं देते, तो आजारच त्या सिनेमाचा विषय. शुक्रवार-शनिवार ‘इतनी शक्ति हमें देना दाता’. ते १९८६ सालच्या ‘अंकुश’मधलं. एन. चंद्रांचा सिनेमा, नायक कोण, तर मुंबईतल्या नाक्यावर बसून राहणारे चार बेकार तरुण, आणि त्यांचा शेवट काही प्रमाणपत्र-वाटपात होत नाही.

हिशोब करा. मुलांवर सकाळी सकाळी चांगले संस्कार व्हावेत म्हणून आपण त्यांना सहा खुनी, एक सिनेमावेडी मुलगी आणि चार नाक्यावरचे टपोरी यांच्या हवाली केलेलं आहे. पिढ्यान् पिढ्या. एकाही पालकसभेत यावर प्रश्न आला नाही, कारण चाल संथ आहे आणि डोळे मिटलेले आहेत. बरं, ही गाणी उत्तम आहेत यात शंका नाही. सिंधुदुर्गातून आलेल्या वसंत देसाईंनी या देशातल्या शाळांना जेवढं गायला लावलं, तेवढं कुठल्याही शिक्षण आयोगाला जमलं नाही. शाळेवरच्या सिनेमातली प्रार्थना शाळेत पोचायला आपल्याकडे २०१७ सालचा ‘उबुंटू’ यावा लागला. ‘हीच अमुची प्रार्थना’ त्यातली. ती आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मामा, म्हणजे मी संगीताच्या बाईंना सांगू शकते ना, की आमचं गाणंही पिक्चरमधलंच आहे?’’ त्या क्षणी मला कळलं की ही माहिती नको त्या हातात गेली आहे.

परिपाठातलं गाणं आणि आठवी-नववीतला मुलगा यांच्यात निसर्गानंही एक अडचण घालून ठेवली आहे. मुलाचा आवाज फुटतो. फुटतो म्हणजे एका रात्रीत नाही, हप्त्याहप्त्यानं. आमचे चिरंजीव सकाळी ‘आई, डबा’ म्हणतात तेव्हा ‘आई’ खर्जात असते आणि ‘डबा’ तार सप्तकात. मध्ये कुठला स्वर लागला हे कळायला मार्ग नाही. स्वातंत्र्यदिनाच्या समूहगानाला अशी वीसेक मुलं एकत्र उभी केली, की एकाच ओळीतून कमीत कमी चार पट्ट्या निघतात. मुली बिचाऱ्या काळी चारमध्ये सरळ चाललेल्या असतात, आणि मागून अधूनमधून कोणी तरी जिन्यावरून घसरल्याचा आवाज येतो. बाईंनी यावर वर्षानुवर्षांचा तोडगा काढलेला आहे. मुलगे मागच्या रांगेत. ‘‘तुम्ही नुसते ओठ हलवा.’’ देशभक्तिपर गाण्यावर ओठ हलवण्याची ही तालीम दोन-तीन वर्षं मन लावून केली की पुढे मुलं रील्समध्ये इतकी सफाईनं ओठ कशी हलवतात, याचं आश्चर्य वाटण्याचं कारण राहत नाही.

गाता येत नाही, पेटीला हात लावता येत नाही, तेव्हा उरतं ते बाक. मागच्या बाकावरचं वादन ही या वयातली खरी शास्त्रीय परंपरा. गुरू कोणी नाही, पण घराणी आहेत. प्रत्येक बाकाला एक ‘बोलकी’ जागा असते, साधारणपणे खालच्या कप्प्याच्या वर, जिथे फळी थोडी उचकटलेली असते. तिथे तळहाताचा गड्डा मारला की डग्गा निघतो. कडेच्या लाकडावर दोन बोटांनी चाट निघते. कंपासपेटी अर्धी उघडी ठेवून हलवली की आतला कर्कटक आणि गुण्या मिळून खंजिरीचं काम करतात, आणि झाकण बोटानं दाबून सोडलं की टाळ. एक जण रिफिल काढलेल्या पेनाच्या नळीत फुंकतो. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा यात नसतो, तो सर येताहेत का हे बघायला असतो, आणि हेही वाद्यवृंदातलं एक जबाबदारीचं काम आहे. नववी ‘ब’मध्ये अशी पाच जणांची जुळवाजुळव आहे. ऑफ तासाला मी कामानिमित्त शाळेत गेलो होतो, तेव्हा वरांड्यातून ऐकलं. ठेका पक्का, सम पक्की, मध्ये एक तिहाईसुद्धा घेतली. तिहाई संपली तेव्हा सर दारात होते. पाचही जण बाकावर उभे राहिले. मग सर खुर्चीत बसले, हजेरीपुस्तक उघडलं, आणि डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर तोच ठेका धरला. मी पाहिलं. मुलांनीही पाहिलं. त्यामुळेच ती दहा मिनिटं हसू दाबत उभी होती आणि त्याचीही वेगळी शिक्षा झाली.

शाळेबाहेर संगीत शिकणारी मुलं दोन प्रकारची. एक, गुणांसाठी शिकणारी. हा वर्ग मोठा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा संगीताला समाजात मान मिळावा, घराघरातल्या मुलामुलींनी ते शिकावं, ही त्यांची तळमळ होती. ती पूर्ण झाली. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून तर घराघरातून आग्रह सुरू झाला. पाचवीत तबला लावायचा, म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण करत दहावीच्या आत मध्यमा गाठता येते, असं गणित मांडणारे पालक मी बागेत फेऱ्या मारताना ऐकले आहेत. ते मुदत ठेवीबद्दल बोलताहेत असंच मला पहिल्यांदा वाटलं. चिरंजीवांनी या योजनेत मध्येच पैसे काढून घेतले, पण तोवर लेखी परीक्षेची तयारी झाली होती. त्यामुळे झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगतो: त्रिताल, मात्रा सोळा, खंड चार, टाळी एक, पाच, तेरा, खाली नऊला. भूप, मध्यम-निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तो काय ऐकतो हे पलुस्करबुवांपर्यंत पोचू नये एवढीच प्रार्थना आहे. कुठली ते वार बघून ठरवा.

दुसरा प्रकार गुण मिळत नसतानाही शिकणारा, आणि तो बहुतेक कुणाला दिसतच नाही. कारण तो कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला असतो.

भाची सध्या जुनी मराठी भावगीतं ऐकते हे कळल्यावर तिच्या आजीला भरून आलं. आजीनं एक बोंड स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि घाबरून काढलं. गाणं तेच, आवाज आशाबाईंचाच, पण विहिरीच्या तळातून, तेही फार हळू येणारा. याला ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ म्हणतात. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणी अशीच लोळायला लागायची, आणि आम्ही धावत जाऊन वाण्याकडून नवे सेल आणायचो. उतरलेल्या सेलांचं संगीत मुद्दाम ऐकण्याची कल्पना आमच्या डोक्यात आली असती तर केवढे पैसे वाचले असते.

तिच्या गणिताच्या वहीची मागची पानं मी एकदा चाळली. (वही सह्यांसाठी आली होती, मी हेरगिरी करत नव्हतो.) पुढच्या बाजूनं त्रिकोणमिती, मागच्या बाजूनं देवनागरीत काही तरी पानभर. शब्द ओळखीचे एकही नाहीत, पण ओळींना यमक आहे. कोरियन गाणं होतं, बीटीएसचं. ऐकून ऐकून, थांबवून थांबवून तिनं ते बाराखडीत उतरवलं होतं. जिथे उच्चार पकडता आला नाही तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, आणि नंतर कधी तरी पेनानं दुरुस्ती. आजीची अशीच एक वही आमच्या ट्रंकेत आहे. रेडिओवर गाणं लागलं की एक ओळ आजी लिहायची, दुसरी तिची बहीण, आणि पुढच्या वेळेला गाणं लागेपर्यंत गाळलेल्या जागा तशाच. आजीच्या वहीत एका उर्दू शब्दासमोर अजून प्रश्नचिन्ह आहे. दोघींना एकमेकींच्या वह्या दाखवल्या. आजी म्हणाली, ‘‘अक्षर माझं बरं होतं.’’ यावर घरात दोन दिवस तणाव होता.

मुलग्यांमध्ये कोरियाचं प्रस्थ कमी. तिथे रॅप. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतून निघालेला एमसी स्टॅन २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हापासून प्रत्येक वर्गात एक तरी कवी आहे. यमक जुळवायची सक्ती झाली की मुलं शब्दांच्या मागे कशी धावतात, हे मराठीच्या बाईंनी बघायला हवं. बघितलंही. झालं असं की मनाच्या श्लोकांची पाठांतर स्पर्धा होती. श्लोक २०५, वृत्त भुजंगप्रयात, चार ‘य’ गण. वर्गात ‘यमाताराजभानसलगा’ घोकून मुलांना हा गण कधी कळला नव्हता. पण चिरंजीवांच्या मित्राच्या लक्षात आलं की लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु ही चाल बीटवर सरळ बसते. त्यानं पंधरा श्लोक म्हटले, आणि शेजारी उभ्या दोस्तानं तोंडानं ढुप-छिक-ढुप केलं. सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. परीक्षक दोन. त्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘‘उच्चार स्वच्छ आहेत. एकही लघु-गुरु चुकला नाही.’’ दुसऱ्या परीक्षक बाईंनी पाणी मागितलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. समर्थांनी बलोपासना सांगितली होती. त्या मुलाचं फुप्फुस बघता ती अगदीच वाया गेलेली नाही.

गॅदरिंगबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी भोगलेलं आहे. गाण्यांची यादी तपासायला समिती बसते. तिचं धोरण असं की गाणं जोरदार हवं पण त्यात शब्द नकोत. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा ‘झिंगाट’वर आमच्या शाळेत कडक बंदी होती. त्या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट हॉलिवूडपर्यंत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन आले होते, हे समितीला सांगून उपयोग झाला नाही. तेव्हा जी मुलगी दहावीत होती आणि जिला मैदानावर त्या गाण्यावर नाचताना पकडून पालकांना बोलावलं होतं, ती आता बी.एड. होऊन त्याच शाळेत रुजू झाली आहे. यंदा समितीत तीच आहे. ‘‘एवढं एकच कडवं, आणि ड्रेस अंगभर,’’ असं ती म्हणाली. स्टेप्स मात्र तिनं स्वतः बसवून दिल्या. सोळावं वर्ष तिच्या गुडघ्यांना अजून पाठ आहे.

आणि जुलै उजाडला की पथक. ज्या मुलाला सकाळी शाळेसाठी उठवायला तीन माणसं लागतात, तो नदीपात्रातल्या सरावाला बोलावण्याआधी हजर असतो. ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. ताशा बोलावतो, ढोल उत्तर देतात, टोलवाला सगळ्यांना जागेवर ठेवतो. हे चाळीस-पन्नास जणांचं एका श्वासात सुरू होणं आणि एका श्वासात थांबणं. त्यासाठी आधी महिना-दीड महिना फक्त ऐकायला शिकावं लागतं. शाळेत ज्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘चंचल, एकाग्रता कमी’ असा शेरा आहे, तो तिथे दोन-दोन तास ताशाच्या तोंडाकडे बघत उभा असतो. बोटांना चिकटपट्टी, खांद्याला बाम. घरी ताट उचलायला सांगितलं तर पाठ दुखते. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकात तीसच जण असावेत असं ठरवलं, तेव्हा आमच्या जिन्यात मुलांची तातडीची बैठक झाली. गणपती बसलेले असतानाच सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चिरंजीवांनी वर्तमानपत्रातली कोर्टाची बातमी शेवटपर्यंत वाचली. ‘‘याचिकाकर्ता म्हणजे काय?’’ असंही विचारलं. नागरिकशास्त्राच्या सरांना मी हे कळवणार होतो, पण त्यांचाही तास त्या दिवशी गणिताच्या सरांनी घेतला होता.

पथकाचा आवाज फार होतो, ही तक्रार खरी आहे. मीही कापूस घालतो. पण आवाजाच्या तक्रारीचा आमच्या सोसायटीत अलीकडे उलटा प्रवास सुरू झालाय. क्लब हाउसमध्ये शनिवारी संध्याकाळी कराओके भरतं. सदस्य बँकेतून, एलआयसीतून आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळे किशोरकुमार. दर शनिवारी किमान नऊ किशोरकुमार असतात, एक रफी असतो आणि तो एकटा पडल्यामुळे लवकर घरी जातो. इको पूर्ण उघडलेला. चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब धरलेला, ओळ येऊन गेली की मग सापडते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या तक्रारवहीत नोंद झाली: ‘शनिवारी फार आवाज येतो, आमची प्रिलिम आहे.’ खाली दहावी-बारावीतल्या अकरा मुलांच्या सह्या. अध्यक्षांनी ती वाचून दाखवली तेव्हा एक किशोरकुमार म्हणाले, ‘‘हल्लीच्या मुलांना संगीताची आवडच नाही.’’

तडजोड अशी झाली की भाचीनं येऊन आवाजाची जुळणी करून द्यायची, म्हणजे आत गाणं राहील आणि बाहेर प्रिलिम. ती त्रिकोणमितीचं पुस्तक घेऊनच मिक्सरशेजारी बसली. पाटबंधाऱ्यातले काका उभे राहिले. धृपद ठीक गेलं, अंतऱ्याच्या वरच्या सुराला मात्र काका टाचा उचलून उभे राहिले आणि तरी सूर वरच्या फळीवरच राहिला. भाचीनं ट्रॅक थांबवला.

‘‘काका, दोन पट्ट्या खाली घेऊ?’’

‘‘अजिबात नाही. किशोरदांच्या मूळ पट्टीतच गाणार. चाळीस वर्षं गातोय.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, मोबाइलवर काही तरी केलं आणि ट्रॅक पहिल्यापासून लावला. मी शेजारी होतो म्हणून मला पडदा दिसला. तिनं तीन पट्ट्या उतरवल्या होत्या. लय तीच ठेवली, इको अर्ध्यावर आणला. या मुलीला सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात, कधीच न झालेल्या तासाबद्दल, संगीतात ‘ब-२’ श्रेणी आहे.

या वेळी अंतरा अलगद आला. काकांनी वरचा सूर लावला, वर थांबून एक हरकतही घेतली. टाळ्या पडल्या.

‘‘बघितलंस?’’ काका घाम पुसत म्हणाले. ‘‘मूळ पट्टी!’’

‘‘हो काका,’’ भाची म्हणाली. पुढच्या काकू लताबाईंचं गाणं घेऊन माइकपाशी आल्या होत्या आणि आपणही मूळ पट्टीतच गाणार असं सांगत होत्या. त्यांच्यासाठी तिनं न विचारताच पाच उतरवल्या आणि पुस्तकाचं पान उलटलं.